वारा, ऊन आणि विमान
विमानाचे छायाचित्र घ्यावयाचे तर कुंपणाशी जाऊन उभे राहावे, असा नवख्यांचा समज असतो. मग कुंपणाची जाळीच चित्रात उतरते! लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जाणकार आधी वारा पाहतो. विमान वाऱ्यास सामोरे जाऊन उतरते. वारा पश्चिमेचा असला म्हणजे ते पूर्वेकडून, शहरावरून येते. अशा दिवशी हॅटन क्रॉस स्थानकाजवळील मर्टल ॲव्हेन्यूच्या टोकाची हिरवळ गाठावी. दक्षिणेकडील धावपट्टीवर उतरणारी विमाने तेथून जणू हाताशी भासतात, आणि ऊन बहुधा पाठीशी राहते. मात्र रहिवाशांस गोंगाटापासून विसावा मिळावा म्हणून अशा दिवशी दुपारी ३ वाजता उतरण्याची धावपट्टी बदलतात. ती पाळी न पाहता गेलेल्याच्या माथ्यावरील आकाश एकाएकी रिकामे होते. विमाने सुमारे १.४ किलोमीटर उत्तरेस उतरू लागतात.