दोन मालिका, एक पंचांग

(आदिलाबाद येथे श्रुतिकालेखन कार्यशाळेत केलेले भाषण)



आज माझ्या वाट्याला काहीसा हिशेबी विषय आला आहे. आकाशवाणीवर एखादी कौटुंबिक मालिका चालू असते आणि तिच्यातलेच एक पात्र घेऊन दुसरी मालिका निघते. तिला आपण उपमालिका म्हणू. या दोहोंचा काळ एकमेकांशी कसा जुळवायचा, हा तो विषय.

गेल्या वर्षी वर्गात मी असाच स्वाध्याय दिला होता. मुख्य मालिकेचे गाव पैनगंगेकाठचे, कापूस पिकवणारे. घरातली थोरली मुलगी हैदराबादला शिकायला गेलेली. उपमालिका तिच्या वसतिगृहातली. दोन गटांनी भाग लिहून वाचून दाखवले. उपमालिकेत मुलगी पौष अमावास्येला मैत्रिणींबरोबर केसलापूरच्या नागोबा जत्रेला आली आणि रात्रीच्या गाडीने परतली. मुख्य मालिकेत त्याच दिवशी आई म्हणत होती, "दिवाळीपासून पोरीचं तोंड पाहिलं नाही."

वर्ग हसला. दोन्ही गट म्हणाले, तारीख बदलू. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तारीख कशाला बदलायची? ती घरी न जाताच परत गेली असेल."

वर्ग गप्प झाला. जत्रेपर्यंत येऊन घरी न गेलेली मुलगी! जी चूक वाटत होती तिच्यातच गोष्ट दडलेली होती. पण ती हाती लागली, कारण दोन्ही गटांची जत्रा एकाच दिवशी होती. पंचांग एक नसते तर तिथे नुसता घोटाळा उरला असता.

या विषयाचे ठळक उदाहरण बीबीसीच्या 'द आर्चर्स'चे. अँब्रिज या काल्पनिक खेड्याची ही मालिका १ जानेवारी १९५१ पासून ब्रिटनभर ऐकू येऊ लागली आणि आजही चालू आहे. तिचा करार सरळ आहे : श्रोत्याच्या घरी जो दिवस, तोच अँब्रिजमध्ये. नाताळ नाताळालाच येतो आणि पात्रे श्रोत्यांबरोबर वयाने वाढतात. भाग आधी ध्वनिमुद्रित होतात. म्हणून बाहेर मोठी घटना घडली तर एखादा छोटा प्रसंग ऐनवेळी मुद्रित करून भागात घालतात. २०२० च्या महासाथीत मात्र हे घड्याळ चुकले. मे महिन्यात काही आठवडे जुने भाग लावावे लागले आणि २५ मेपासून पात्रांची स्वगते सुरू झाली.

या मालिकेची 'अँब्रिज एक्स्ट्रा' ही उपमालिका २०११ मध्ये निघाली आणि २०१३ मध्ये थांबली. तिने तरुण पात्रे घेतली, फेलपर्शम विद्यापीठासारख्या गावाबाहेरच्या जागा घेतल्या. मुख्य मालिकेचे तेव्हा आठवड्याला सहा भाग होत. उपमालिका वेगळ्या वाहिनीवर होती. म्हणजे मुख्य मालिकेच्या प्रत्येक श्रोत्याच्या कानी ती पडेलच, असे नव्हते.

खरी अडचण इथे आहे. तारखांचा हिशेब दिनदर्शिका समोर ठेवून करता येतो. कोणाला काय, केव्हा कळले, हा हिशेब अवघड. समजा, उपमालिकेत मंगळवारी मुलाने महाविद्यालय सोडले. बुधवारी मुख्य मालिकेत बाप त्याच्या अभ्यासाचे कौतुक करतो. ही विसंगती नाही. बापाला कळलेलेच नाही. गुरुवारी बाप रागावलेला असेल, तर मध्ये कोणीतरी त्याला सांगितलेले असले पाहिजे आणि ते मुख्य मालिकेतच ऐकू आले पाहिजे. केवळ मुख्य मालिका ऐकणाऱ्याला बापाचा राग आकाशातून पडल्यासारखा वाटता कामा नये.

सर्वच मालिकांना हे ओझे नसते. मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मध्ये बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी रोजच्या जगण्यातले विषय घेऊन बोलत. अशा संवादाला 'आज' पुरतो. काल काय झाले होते, हे आठवल्यावाचून श्रोता त्यात सामील होतो. म्हणून लेखकाने आधी करार ठरवावा : आपला काळ थांबलेला आहे की चालता? चालता असेल, तर उपमालिकेलाही त्याच चालीने चालावे लागेल.

त्यासाठी एक वही ठेवा. तीन रकाने पुरतात : तारीख आणि तिथी, कोण कुठे आहे, कोणाला काय ठाऊक आहे. तिसरा रकाना आपण हमखास रिकामा सोडतो, आणि कथानक तिथेच गळते. रेडिओवर भिंतीवरचे कॅलेंडर दिसत नाही, मागचे पान उलटता येत नाही. श्रोत्याजवळ असते ती फक्त आठवण, आणि ती पक्की असते.

हे मी आदिलाबादेत का सांगतो आहे? इथे १९८६ पासून आकाशवाणीचे स्थानिक केंद्र आहे आणि त्यावर गोंडी बोलीही ऐकू येते. घरात मराठी आणि शाळेत तेलुगू, अशी अनेक मुले माझ्यासमोर बसतात. नातेवाईक सीमेपलीकडे किनवटला, पांढरकवड्याला. मुले शिकायला हैदराबादला. उद्या तुम्ही अशा घरांसाठी मराठीत मालिका लिहिलीत, तर आई गावात मुख्य मालिका ऐकेल आणि मुलगी वसतिगृहात, मोबाइलवर, उपमालिका. रात्री फोनवर दोघी त्याविषयीच बोलतील. त्या बोलण्यात दोघींचा दिवस एक असला पाहिजे. जी घरे आधीच दोन राज्यांत, दोन भाषांत विभागलेली आहेत, त्यांच्यात आपण निष्काळजीपणे आणखी एक फट पाडू नये.

शेवटी त्या स्वाध्यायाकडे येतो. तारीख बदलली नाही. मुख्य मालिकेच्या गटाने पुढच्या भागात एवढेच घातले : जत्रेहून आलेली शेजारीण सांगते, "तुमच्या पोरीसारखी कोणी दिसली हो तिथं." आई म्हणते, "ती नसेल. आली असती, तर घरी नसती का आली?"

एकच मालिका ऐकणाऱ्याला हे शेजारणीशी झालेले साधे बोलणे वाटते. दोन्ही ऐकणाऱ्याला मात्र पुढचे वाक्य ऐकवत नाही. काळ जुळवायचा तो यासाठी.