पेल्यामागची जखम



दारूवर व्याख्यान म्हटले की श्रोते दोन गोष्टींची अपेक्षा करतात. एक दारूची निंदा आणि दुसरी पिणाऱ्याची. पहिलीला आमची ना नाही. दुसरीविषयी मात्र आज आम्हांला थोडा वाद घालावयाचा आहे. विशी-पंचविशीतला मुलगा शुद्ध हरपेपर्यंत पितो, तेव्हा 'का पितोस?' असे आपण त्याला दरडावून विचारतो. तो प्रश्न उत्तर ऐकण्यासाठी विचारलेला नसतो; तो निकाल असतो. उत्तर ऐकण्याच्या तयारीने हाच प्रश्न विचारला तर काय होईल, आणि विचारणारे साधन त्याच्याच खिशातला मोबाइल असेल तर चालेल काय, हा आजचा विषय आहे.

प्रथम उत्तराकडे वळू. अमेरिकेत सॅन दिएगो येथे विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी नऊ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातील कोणाचे व्यसन किंवा मनोविकार, कोणाचा तुरुंगवास, असे ते प्रश्न होते. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या वाट्याला यांपैकी चार किंवा अधिक प्रकार आले होते, त्यांच्यात मद्यासक्ती, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी अधिक आढळला. प्रत्येक पिणाऱ्यामागे आघात असतो असा याचा अर्थ नव्हे. आघात झालेला प्रत्येकजण पितो असाही नव्हे. पण पेल्यामागे जखम असू शकते, एवढे मनात धरूनच बोलायला सुरुवात केली पाहिजे.

हे घडते कसे? आघात झालेले मन सदैव पहाऱ्यावर असते. दार वाजले तरी ते दचकते. रात्री डोळा लागत नाही. दारू तो पहारा घटकाभर उठवते, म्हणून ती औषधासारखी वाटते. परंतु उत्तररात्री तीच झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी धास्ती दुणावून परत येते. मग ती धास्ती घालविण्यासाठी पुन्हा पेला! अशा माणसाला आपण लाज आणली, तर पिण्याला आणखी एक कारण तेवढे पुरविले.

आता मोबाइलकडे येऊ. अमेरिकेतील पश्चिम पेनसिल्वेनियात ब्रायन सफोलेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या, धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या १८ ते २५ वयाच्या ७६५ तरुणांवर एक प्रयोग केला. दारू सोडवा म्हणून ही मंडळी तेथे आली नव्हती. एका गटाला १२ आठवडे मोबाइलवर संदेश जात. गुरुवारी विचारीत, 'या शनिवार-रविवारी किती पिण्याचा बेत आहे?' बेत मोठा असला तर, 'थोडी मर्यादा घालून घेशील का?' असे पुढे येई. रविवारी काय झाले ते विचारीत आणि त्याला अनुरूप दोन शब्द पाठवीत. दुसऱ्या गटाला नुसती विचारपूस होती, तिसऱ्याला काहीच नव्हते. पहिल्या गटात अतिरेकी पिण्याचे दिवस घटले. इतर दोन गटांत ते घटले नाहीत. घट मोठी नव्हती, महिन्याला सुमारे अर्ध्या दिवसाची. पण नऊ महिन्यांनंतरही तिचा फरक दिसत होता. नुसती हजेरी घेऊन भागत नाही, उत्तराला उत्तर द्यावे लागते, हा यातला धडा आहे.

हा प्रयोग आघाताच्या दृष्टीने रचलेला नव्हता. ती दृष्टी जोडावयाची तर संदेशाची भाषा बदलावी लागेल. 'काल किती ढोसलीस? लाज नाही वाटत?' हा एक संदेश. 'आजची संध्याकाळ कशी जाईलसे वाटते? सांगावेसे वाटत नसेल तर राहू दे,' हा दुसरा. दुसऱ्यात न सांगण्याचा अधिकार आहे, आणि ज्याच्या इच्छेविरुद्ध पूर्वी सर्व काही घडले त्याला हा अधिकार उपचाराइतकाच मोलाचा असतो. झाल्या घटनेचे वर्णन संदेशातून मागू नये. भीतिदायक चित्रे पाठवू नयेत. 'नको' म्हणताच संदेश थांबावेत. आणि आपल्याकडे मोबाइल घरातल्या चार हातांतून फिरतो; तेव्हा बंद पडद्यावर 'दारू' हा शब्द झळकू नये. ज्याने मारले तोच तो वाचणारा असू शकतो.

एक आक्षेप येईल की यंत्राला कुठली माया? आक्षेप खरा आहे. म्हणून गोव्याचे उदाहरण महत्त्वाचे. तेथे 'संगाथ' संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती, आणि भेटी फार तर चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, तर नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के. मोबाइलने दार ठोठवावे. आत यायला असा माणूस हवा.

दोन इशारे देणे आमचे कर्तव्य आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केले तर थरकाप, भास, झटके येऊ शकतात आणि प्राणावर बेतू शकते. त्याला 'आजच सोड' असा संदेश पाठविणे धोक्याचे आहे. त्याला डॉक्टरकडेच नेले पाहिजे. दुसरे, गुपिताचे. मद्यपानावर दुरून उपचार करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने रुग्णांची माहिती जाहिरातवाल्यांच्या हाती जाऊ दिल्याचे २०२३ साली उघड झाले. आधीच एकदा विश्वासघात झालेल्या माणसाचा हा दुसरा विश्वासघात होय.

आपल्या देशात मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ आणि व्यसनासाठी १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत. ते घरातल्या तरुणाला जरूर द्या. पण क्रमांक देताना आवाजात निकाल नसावा. उत्तर ऐकायची तयारी असेल तरच प्रश्न विचारा, एवढीच आमची विनंती आहे.