शेजारची जागा

(बालरोग विभागाच्या पालक मेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बालविकासावर बोलण्याचा अधिकार आमच्या बालरोगतज्ज्ञांचा. परंतु एका खर्चाचा हिशेब आपल्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे.

काही वर्षांपूर्वी एका देणगीदारांच्या औदार्याने बाह्यरुग्ण विभागात मुलांसाठी दूरचित्रवाणी संच बसविला. रडारड थांबली. पैसा सत्कारणी लागला, अशी मी मनोमन नोंद केली.

त्याच सुमारास माझा नातू दोन वर्षांचा झाला तरी दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नव्हता. घरी संच दिवसभर सुरू असे. कार्यक्रम शैक्षणिक, म्हणून आम्ही निर्धास्त. डॉक्टरांनी प्रथम श्रवणचाचणी करविली. ती निर्दोष निघाली. मग त्यांनी विचारले, “कार्यक्रम चालू असताना त्याच्याशी बोलतं कोण?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकविली होती. समोर बसून खेळविणाऱ्या माणसाकडून ती ऐकणारी बाळे त्या भाषेतील ध्वनी ओळखू लागली. पडद्यावरून ऐकणाऱ्या बाळांना लाभ झाला नाही. भारतीय बालरोग अकादमीही दोन वर्षांखालील बालकांना पडदा नको म्हणते (दूरच्या आप्तांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा अपवाद). दोन ते पाच वयात दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली.

याचा अर्थ दूरचित्रवाणी कुचकामी असा नव्हे. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पुण्याच्या ‘बालचित्रवाणी’चे कार्यक्रम पाहिले असतील. १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये मोठ्यांना हसविणारे विनोद मुद्दाम पेरलेले असत, हेतू हा की, आईनेही मुलाशेजारी बसावे. २००६ साली त्याचाच भारतीय अवतार ‘गली गली सिम सिम’ आला. म्हणजे शेजारची ती जागा कार्यक्रम रचणाऱ्यांनीच राखून ठेवली होती. रिकामी आपण ठेवली.

आमच्या सौभाग्यवतींनी ती भरून काढली. “हत्ती कुठे निघाला रे?” असे विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. (हे थांबणेच आम्हा मोठ्यांना जमत नाही.) पडद्यावर पाच फळे मोजली, की संच बंद करून परडीतले बटाटे मोजायचे. यासाठी शिक्षण लागत नाही, पैसाही नाही. नातू आता बोलतो. अर्थात वाणी-उपचारही सुरू होते, त्यामुळे सारे श्रेय बटाट्यांना देता येणार नाही! मूल बोलत नसेल, तर टीव्हीला दोष देत घरी थांबू नका. श्रवणचाचणी आधी करून घ्या.

विभागातील संच आम्ही काढलेला नाही. तो आता सकाळी अर्धा तासच लागतो आणि परिचारिका भगिनी पालकांना मुलांजवळ बसवितात. मात्र तेथील खुर्च्या भिंतीलगत, मुले खाली सतरंजीवर. म्हणून पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात सहा बुटकी बाके मागितली आहेत. विश्वस्तांनी कृपया मंजुरी द्यावी.