पुढे पाठवण्यापूर्वी



आजच्या विषयावर बोलण्याचा अधिकार मला काय, तर एवढाच, की व्हॉट्सॲप शिकायला मी नाखूश होते. मुलगा परदेशी जाताना फोन हातात देऊन गेला. नातीचे तोंड दिसावे म्हणून मी तो शिकले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत पुष्कळ घरांची हीच कथा आहे. प्रारंभी वाटे, भलतीच कळ दाबली जाईल. पुढे ती भीती गेली आणि तिथेच माझा घात झाला.

जून २०१८ मधली गोष्ट. ‘मुले पळवणारी टोळी फिरत आहे, सावध राहा,’ असा मजकूर एका मैत्रिणीकडून आला. काळजीपोटी मी तो इमारतीच्या ग्रुपवर पाठवला. दोनच दिवसांनी आमची नेहमीची बोहारीण फाटकाशी अडवली गेली. तिचे गाठोडे सोडून पाहिले; जुने कपडे नि भांडी, दुसरे काय निघणार? मी खाली धावले, तिला सोडवले. परंतु ती पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही.

आणि १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. कारण अशीच अफवा. माझा मजकूर तिथवर गेला, असे मी म्हणत नाही. पण जात तीच होती.

त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल, असे बंधन घातले. २०२० मध्ये, पुष्कळ हातांतून आलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी, असा नियम झाला. अशा मजकुरावर दोन बाणांची खूण असते. ती पाहत जा. तथापि कंपनीने लगाम घातला, तरी हात आपलाच आहे.

आपण का फसतो? मजकूर ओळखीच्या माणसाकडून येतो, म्हणून खरा वाटतो. परंतु तो त्या माणसाने लिहिलेला नसतो. दारात निनावी चिठ्ठी पडली असती, तर आपण ती घरोघर वाटली असती का?

फोन टाकून द्या, असे माझे सांगणे नाही. आमच्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहतात. त्यांचे ‘सुप्रभात’ आठपर्यंत आले नाही, तर आम्ही त्यांची कडी वाजवतो. मुले त्या ‘सुप्रभात’ला हसतात, हसोत बापडी.

एवढेच मागणे, की पहिल्या दिवशीची ती धाकधूक पुरती सोडू नका. बोट लावण्यापूर्वी विचारा, हे कोणी लिहिले? उत्तर मिळाले नाही, तर तो मजकूर आपल्यापाशीच थांबू द्या. त्या बोहारणीचे गाठोडे मला अजून दिसते.