वाढीचा हिशेब आणि पोलादपूरचा रकाना

(पोलादपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव रूक्ष आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील रोजगाराची दीर्घ पल्ल्याची वाढ आणि अलीकडची वाढ यांची तुलना, असा तो विषय. असे शब्द ऐकले की आपल्यापैकी अनेकांना वाटते, हा अर्थशास्त्र्यांचा प्रांत आहे, आपला नव्हे. परंतु या तालुक्यातील कोणत्याही वाडीत जा. शिमग्याला आणि गणपतीला घरे माणसांनी भरलेली असतात आणि पाहुणे परतले की चारपैकी दोन घरांना कुलूप लागते. ते कुलूप हेच रोजगाराचे आकडे होत. फक्त ते कोणत्याही अहवालात छापलेले नसतात. अहवालातला आकडा आणि दारावरचे कुलूप यांचा मेळ का बसत नाही, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम तुलनेची रीत समजून घेऊ. एखाद्या जिल्ह्यात तीस-चाळीस वर्षांत दरवर्षी सरासरी किती वेगाने रोजगार वाढला, हे एका बाजूस मांडावयाचे आणि गेल्या पाच-सात वर्षांत तो किती वेगाने वाढला, हे दुसऱ्या बाजूस. मग जिल्ह्यांचे चार गट पडतात. पूर्वीही वाढले आणि आजही वाढत आहेत ते पहिले. पूर्वी वाढले परंतु आता मंदावले ते दुसरे. पूर्वी मागे होते आणि आता वेग घेत आहेत ते तिसरे. पूर्वीही नाही आणि आताही नाही ते चौथे. शासनाला या चौकटीचा उपयोग आहे, कारण चारही गटांचे दुखणे वेगळे आणि म्हणून औषधही वेगळे. परंतु या रीतीत तीन खड्डे आहेत आणि तिन्ही खड्ड्यांत पोलादपूर सापडते.

पहिला खड्डा शेकडेवारीचा. समजा, एका तालुक्यात पाचशे माणसे पगारावर आहेत आणि तेथे शंभर माणसांचा एक कारखाना निघाला. वाढ वीस टक्के! शेजारच्या तालुक्यात एक लाख नोकऱ्या आहेत आणि तेथे दहा हजारांची भर पडली. वाढ अवघी दहा टक्के! कागदावर पहिला तालुका दुप्पट वेगाने धावतो. प्रत्यक्षात दुसऱ्या तालुक्यात शंभरपट माणसांच्या घरात चूल पेटली. तसाच प्रकार आरंभवर्षाचा. २०२० च्या टाळेबंदीत सारे ठप्प झाले असता त्या वर्षापासून मोजणी केली, तर माणसे नुसती पूर्वीच्या कामावर परतली तरी ती 'वाढ' म्हणून नोंदली जाते. खड्ड्यात पडलेला माणूस वर आला म्हणजे तो डोंगर चढला असे होत नाही.

दुसरा खड्डा सरासरीचा. रायगड जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख ८ हजारांवरून २६ लाख ३४ हजारांवर गेली. सुमारे १९ टक्क्यांची ही वाढ. त्याच दशकात दक्षिणेकडच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी आणि सिंधुदुर्गाची १९ हजारांनी घटली. हे आकडे पाहणारा मनुष्य म्हणेल, रायगडाने कोकणाचे दैव पालटले. परंतु २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसे एकट्या पनवेल तालुक्यात होती आणि पोलादपूर तालुक्यात होती सुमारे ४५ हजार, म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत. पनवेल फुगते तेव्हा जिल्ह्याची सरासरी फुगते आणि त्या सरासरीच्या पदराखाली पोलादपूर झाकून जाते. जिल्हा पहिल्या गटात बसतो, आपण मात्र चौथ्या गटातच राहतो.

स्त्री-पुरुष प्रमाणाचा आकडाही तेच सांगतो. कामाच्या ठिकाणी पुरुष गोळा होतात आणि जेथून ते जातात तेथे स्त्रिया मागे राहतात. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. रायगडात हे प्रमाण २००१ साली ९७६ होते, ते २०११ साली ९५९ वर आले, कारण उत्तरेकडे परप्रांतांतून आणि परजिल्ह्यांतून कामगारांची रीघ लागली. एकाच जिल्ह्याचे उत्तरेचे टोक माणसे ओढते आणि दक्षिणेचे टोक माणसे पाठवते. या दोन्हींची सरासरी काढणे म्हणजे एक पाय विस्तवात आणि दुसरा बर्फात ठेवून अंग कोमट आहे असे सांगणे होय.

हा दोष आपल्या विचारवंतांच्या ध्यानी आला नव्हता असे नाही. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ च्या अहवालात तिने जिल्हा हा घटक धरून सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष दाखविला. तो रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा सोयींचा अनुशेष होता. २०११ साली नेमलेल्या विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुका हा घटक धरण्याचा आग्रह धरला. ही दिशा योग्य आहे. परंतु कामाचा अनुशेष, तोही तालुकावार, मोजण्याचे साधन आपल्यापाशी आहे काय?

आता तिसरा खड्डा. 'रोजगार' म्हणजे काय आणि तो कोठे मोजावयाचा? आर्थिक गणना आस्थापनेच्या दारात जाऊन माणसे मोजते आणि पिकांची शेती तिच्यातून वगळलेली असते. म्हणजे एक पीक भाताचे आणि उतारावर नाचणी-वरी काढून जगणारा येथला शेतकरी त्या गणनेत नाही. पोलादपूरचा जो तरुण महाडच्या कारखान्यात जातो तो महाडच्या खात्यावर, जो मुंबईत आहे तो मुंबईच्या खात्यावर. जनगणना घराच्या दारात मोजते, परंतु ती दहा वर्षांनी एकदा; २०११ नंतर तर २०२१ ची गणना वेळेवर झालीच नाही. श्रमशक्तीची नियतकालिक पाहणी २०१७-१८ पासून होते; तिचे आकडे देशासाठी आणि राज्यासाठी उपयोगी आहेत, तालुक्याचा निवाडा त्यांतून होत नाही.

बरे, जे मोजले जाते त्यात तरी काय दिसते? सहाव्या आर्थिक गणनेने २०१३-१४ साली देशभरातील आस्थापनांत सुमारे १३ कोटी माणसे कामावर असल्याचे नोंदविले. २००५ च्या तुलनेत ही वाढ ३८ टक्के. ऐकावयास मोठे गोड. परंतु त्याच गणनेनुसार शंभरातील जवळजवळ ७२ आस्थापनांत एकही पगारी माणूस नव्हता, मालक आणि घरचे लोक एवढाच त्यांचा पसारा. श्रमशक्तीच्या पाहणीतही तोच सूर आहे. स्वयंरोजगारावर असलेल्यांचा वाटा २०१७-१८ साली ५२.२ टक्के होता, तो २०२३-२४ साली ५८.४ टक्के झाला. नियमित पगारदारांचा वाटा २२.८ वरून २१.७ वर उतरला. ज्याला कोणी काम दिले नाही त्याने महामार्गाच्या कडेला वडापावची गाडी लावली, तर त्याच्या कष्टाला मी नमस्कार करीन, परंतु त्या गाडीला विकासाचा पुरावा म्हणणार नाही.

मित्रहो, आता दीर्घ पल्ला पाहू. या डोंगराळ मुलुखाला मुंबईची वाट कोणी दाखविली? जमीन तुटपुंजी, पाऊस उदंड आणि दसऱ्यानंतर शेत रिकामे. त्यातच खोतीचा जाच. याच कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे जमीन पडीक ठेवून संप केला, आणि खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. तोवर गावोगावचे तरुण गिरणगावात पोहोचले होते. गावकीची एक खोली, तीत पाळीपाळीने झोपणारी माणसे आणि महिन्याच्या महिन्याला गावी येणारी मनीऑर्डर, हीच येथली अर्थव्यवस्था. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक मिटल्या. रोजगार मुंबईचा बुडाला असे नोंदले गेले. चूल विझली ती पोलादपूर-महाडच्या वाड्यांत. जो रोजगार आपल्या खात्यावर कधी मांडलाच गेला नाही, त्याचे बुडणे तरी आपल्या खात्यावर कसे यावे?

त्यानंतरचा पल्ला जिल्ह्याच्या उत्तरेचा. सिडको १९७० साली स्थापन झाली, न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. ती वाढही फुकट आली नाही. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या रक्तातून आले. तेव्हा वाढ झालेल्या तालुक्यातही 'वाढ कोणाची?' हा प्रश्न उरतोच.

आपल्या शेजारी महाडला औद्योगिक वसाहत आली. रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आले. काही घरांत नियमित पगार आला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ३ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार प्राणास मुकले. अशा वेळी मृतांत कायम कामगार किती आणि कंत्राटी किती, ते कोणत्या गावचे, हा प्रश्न विचारणे आपले कर्तव्य ठरते. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याचे शासनाचे धोरण १९६८ पासूनचे आहे. परंतु त्यातील 'स्थानिक' म्हणजे पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहिलेला. ज्या गावाच्या विहिरीला आणि नदीला कारखान्याचे सांडपाणी भोगावे लागते, त्या गावाचा वेगळा हक्क त्यात नाही. मी परक्या मजुराविरुद्ध बोलत नाही. तोही आपल्यासारख्याच एखाद्या चौथ्या गटातल्या तालुक्यातून आलेला असतो. तक्रार आहे ती दोघांनाही कंत्राटावर ठेवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध.

कोणी म्हणेल, पोलादपूरला काम नाहीच, तर निर्माण कसे करावयाचे? माझे म्हणणे उलट आहे. येथे काम तुंबून राहिले आहे, फक्त मजुरी तुंबलेली आहे. २२ जुलै २०२१ रोजी काय झाले, हे मी सांगण्याची गरज नाही. महाड तालुक्यात तळीये येथे दरडीखाली ८० हून अधिक माणसे गेली. आपल्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही दरड कोसळली. २००५ च्या जुलैनेही हाच धडा दिला होता. डोंगरउतारांवरील पाण्याला वाट काढणे, बांध घालणे, झाडे लावणे आणि जगविणे, धोक्यातील वाड्यांचे पुनर्वसन करणे, हे वर्षानुवर्षांचे काम आहे. सावित्रीचे पाणी पावसाळ्यात घरात शिरते आणि चैत्रात हंड्याला मिळत नाही. ते अडवून दुसरे पीक उभे करणे हेही काम आहे. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आलेल्या रोजगार हमीने १९७२ च्या दुष्काळात माणसे जगविली. १९७७ साली महाराष्ट्राने त्याचा कायदा केला, आणि २००५ साली केंद्राने ते तत्त्व उचलले. १९९० पासून हमी योजनेतून कोकणात आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. तेव्हा मार्ग अनोळखी नाही. तो सोडून देण्यात आला आहे, एवढेच.

म्हणून दोन गोष्टी सुचवून मी थांबतो. पहिली मागणी शासनाकडे : रोजगाराचा हिशेब तालुकावार द्या. कामाच्या जागेप्रमाणे एक आणि कामगाराच्या घराप्रमाणे दुसरा. कायम, कंत्राटी आणि बिनमजुरीचे घरकाम असे तिन्ही रकाने वेगळे ठेवून.

दुसरी गोष्ट आपल्या हातची. शासनाची वाट न पाहता प्रत्येक ग्रामसभेने आपली वही घालावी. घरात माणसे किती, गावात किती, बाहेर किती. बाहेरचे कोणत्या कामावर. वर्षातून किती महिने काम. दहा वर्षांपूर्वी काय होते. कातकरी वाडी आणि धनगरवाडी त्यातून सुटता कामा नये, कारण वीटभट्टीवर गेलेले कुटुंब मोजणीच्या दिवशी कोणत्याच गावात नसते. हे काम शाळेतली मुले-मुली महिन्याभरात करू शकतील.

येथून थोड्या अंतरावर महाडचे चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी तेथे माणसांनी ओंजळभर पाणी उचलले, ते केवळ तहानेसाठी नव्हे. आम्हीही माणसांत मोजले गेलो पाहिजे, यासाठी. मोजले जाणे ही क्षुल्लक बाब नाही. ज्याची गणती नाही त्याचा वाटा नाही. पोलादपूरचा रकाना आपण स्वतः भरू आणि मग तो घेऊन जिल्ह्याच्या दाराशी जाऊ.