वानगी आणि पोते

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसाराचा व्यापारी आधी वानगी पाहतो. मूठभर दाणे तळहातावर घेतो आणि त्यांवरून पोत्याचे मोल ठरवतो. संगणकाच्या माहितीपुस्तिकेतली उदाहरणे म्हणजे अशीच वानगी. शिकणारा विवेचन वाचीत बसत नाही. उदाहरण उतरवून घेतो.

माझा एक विद्यार्थी तिथल्याच एका गाळ्यावर हिशेब लिहितो. त्याने १९९५ साली जन्मलेल्या जावास्क्रिप्ट भाषेतले एक उदाहरण जसेच्या तसे उतरवले. सकाळची आवक ४० पोती, मागाहून आली २. यंत्राने बेरीज दिली ४०२! पडद्यावरच्या चौकटीत भरलेला आकडा मजकूर म्हणून येतो, आणि ही भाषा मजकुराला पुढचा आकडा नुसता चिकटवते. तक्रार म्हणून करीत नाही. पोरगा म्हणाला, "सर, माझंच काही चुकलं असेल." चूक छापणाऱ्याची, शरम वाचणाऱ्याला!

याला उपाय आहे. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्ट आणली. 'एकूण पोती ही संख्याच हवी' एवढे एका ओळीत लिहून ठेवा. तिचा तपासनीस आज्ञावली चालवण्याआधीच चूक दाखवतो. साध्या जावास्क्रिप्टलाही तो लावता येतो. पुस्तिकेतली उदाहरणे वेगळी काढून दर आवृत्तीला त्याच्या हाती द्यावीत. नापास होईल ते छापू नये.

भावच चुकीचा लिहिला, तर मात्र तो बोलणार नाही. ते काम माणसाचेच. पण पोते काट्यावर चढवायचे आणि वानगी न पाहताच वाटायची, हा कुठला व्यवहार?