गाडीतले कपलर आणि पावसाळा

हॉर्न, वायपर, इंडिकेटर, दारांचे सेंट्रल लॉक, काचा या सगळ्यांना हुकूम सोडणारी एक पेटी हल्लीच्या गाडीत असते. तिला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. बहुधा ती डॅशबोर्डखाली असते आणि कपलरमधून, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमधून, शेकडो फूट वायरिंगशी जोडलेली असते.

पावसाळ्यात वायपर आपोआप चालू झाले, की आपण पेटीलाच दोष देतो. ती महाग असते, पण खराबी बऱ्याचदा कपलरमध्ये निघते. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाला साचतो, पाणी तुंबते आणि आत झिरपते. कपलर उघडून बॅटरीच्या उजेडात पाहा. पितळी पिनेवर हिरवट थर दिसला, तर ओल पोचली आहे. थर चढला की विजेला अडथळा होतो आणि पेटीला चुकीचा निरोप मिळतो.

कपलर पाहताना दोन एकमेकींभोवती पिळलेल्या वायरी दिसल्या, तर त्या बहुधा कॅन बसच्या, म्हणजे गाडीतल्या पेट्यांनी एकमेकींना निरोप पाठवायच्या पद्धतीच्या. बॉश कंपनीने ही पद्धत 1986 साली जगापुढे आणली. गाडीची बॅटरी सोडवून या दोन वायरींमध्ये मीटरने अडथळा मोजला, तर साधारण 60 ओहम यायला हवेत. 120 आले, तर एका टोकाचा सांधा तुटला आहे असे समजावे.

कपलर काढताना वायर धरून ओढू नका, आधी त्याचा खटका दाबा. मीटरची जाड सुई पिनेच्या तोंडात खुपसू नका, पिन सैल होते. आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला घरी हात लावूच नका. मृगाच्या आधी काचेखालचा पाला मात्र स्वतः काढा.